रविवारी पॅन्टला सुट्टी असते: बर्गन काउंटीतली एक केस

रविवार, संध्याकाळचे सव्वाचार. मुलगा सोफ्यावर आडवा पडलेला, एकदम आठवल्यासारखं म्हणाला, "बाबा, उद्या सकाळी कोरसचा कॉन्सर्ट आहे. काळी पॅन्ट आणि काळे सॉक्स लागतील." शाळेचं पत्रक तीन आठवडे दप्तराच्या तळाशी पडून होतं, वर केळ्याचा डाग. गेल्या वर्षीची काळी पॅन्ट घालून बघितली तर घोट्याच्या चार बोटं वर. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी गाडीची किल्ली उचलली. दहा मिनिटांचं काम, असं वाटलं होतं.

आम्ही त्याच उन्हाळ्यात एडिसनहून फेअर लॉनला राहायला आलो होतो. दोन्ही न्यू जर्सीतच, पाऊण तासाचं अंतर, पण एडिसन मिडलसेक्स काउंटीत आणि फेअर लॉन बर्गन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). एडिसनला आमचा रविवार म्हणजे सकाळी देऊळ, मग डोसा, मग दुकानं फिरणं, परत येताना आठवड्याची भाजी. बर्गनमधे 'रविवारी काहीतरी बंद असतं' एवढं ऐकलं होतं. मला वाटलं सरकारी ऑफिसं असतील.

घराजवळच्या मोठ्या दुकानात गेलो (नाव नको, सगळ्या दुकानांत हेच आहे). पार्किंग भरलेलं, आत माणसं, दूध, ब्रेड, औषधं, कुत्र्याचं खाणं, खेळणी, सगळं चालू. कपड्यांच्या विभागाशी आलो तर पिवळी पट्टी आडवी बांधलेली, पोलीस बांधतात ना तशी, आणि वर एक छापील कागद: काउंटीच्या कायद्यामुळे हा माल रविवारी विकता येत नाही. पट्टीच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, दहा नंबरच्या काळ्या पॅन्टी टांगलेल्या. मी खरंच हात लांब केला, खोटं कशाला बोलू. तिथे उभा असलेला विशीतला मुलगा हसून म्हणाला, घेतलीत तरी काउंटरवर स्कॅन होणार नाही, मशीनच घेत नाही.

ह्या केसमधलं मला सगळ्यात मोठं वाटलेलं कोडं तिथेच, त्या पट्टीपाशी उभं होतं. रविवारचा कायदा विश्रांतीसाठी आहे म्हणतात. दुकान उघडं, दिवे लागलेले, कॅशियर कामावर, हा मुलगाही कामावर, आणि त्याचं काम काय तर पॅन्टी कोणी नेऊ नये हे बघणं. म्हणजे त्या दिवशी सुट्टी फक्त पॅन्टला होती.

तर कायदा काय आहे ते नीट सांगतो, कारण इथे दहा-दहा वर्षं राहिलेल्या लोकांनाही तो अर्धवटच माहीत असतो. अशा कायद्यांना अमेरिकेत 'ब्लू लॉ' म्हणतात. निळ्या कागदावर छापायचे म्हणून निळे, ही गोष्ट सगळे सांगतात पण तिला पुरावा नाही. न्यू जर्सीचा १७९८ चा कायदा वाचण्यासारखा आहे, रविवारी धंदा आणि कामधाम बंद हे तर झालंच, पण मौजेसाठी गाणं, नाच, फिडल वाजवणं, मासेमारी, शिकार, फुटबॉल, सगळंच बंद. म्हणजे रविवारी देवळात जा नाहीतर घरात गप्प बसा. ते सगळं हळूहळू मोडीत निघालं, आणि १९५९ साली राज्याने नवीन कायदा केला ज्याच्यात देवाचं नावसुद्धा नाही. त्यात फक्त मालाचे प्रकार आहेत: कपडे, बांधकामाचं सामान, फर्निचर, घरातल्या-ऑफिसातल्या सजावटीच्या वस्तू, आणि घरगुती-ऑफिसची उपकरणं. आणि हा कायदा सगळ्या राज्याला आपोआप लागू नाही, ज्या काउंटीतले लोक मतदान करून हो म्हणतील तिथेच. तेव्हा बऱ्याच काउंटींनी हो म्हटलं, मग एकेक करून बाहेर पडल्या, आणि आता बर्गन एकटी उरली. साडेनऊ लाखांच्या वर लोकवस्ती, न्यूयॉर्क शहराला खेटून, आणि रविवारी सॉक्स मिळत नाहीत. पहिल्यांदा पकडलं तर दुकानदाराला २५० डॉलर दंड, पुन्हा पुन्हा केलं तर दंड वाढत जातो आणि जेलपर्यंत जातं. (गाड्यांची विक्री मात्र रविवारी अख्ख्या राज्यात बंद असते, पण तो वेगळा कायदा.)

१९५९ च का? उत्तर रस्त्यावर आहे. बर्गनच्या मधोमध परॅमस नावाचं गाव आहे, पूर्वी तिथे सेलरीची शेतं होती. १९३१ ला न्यूयॉर्कला जोडणारा जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज झाला, रूट ४ तिथून सरळ परॅमसला येतो आणि तिथे रूट १७ ला छेदतो. १९५७ साली ह्या गावात एकाच वर्षात दोन मोठे मॉल उघडले, गार्डन स्टेट प्लाझा आणि बर्गन मॉल. आता विचार करा, शेतीचं गाव, आणि शनिवार-रविवार न्यूयॉर्कहून गाड्यांची रांग, कारण न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही. गावाने त्याच सुमाराला स्वतःचा नियम केला की रविवारी दुकानं बंद, आणि तो काउंटीच्या नियमापेक्षाही कडक आहे. जुन्या बाजारपेठेतल्या दुकानदारांनाही हे हवंच होतं, कारण हायवेवरची डिस्काउंट दुकानं सातही दिवस चालवून त्यांचं गिऱ्हाईक पळवत होती. 'टू गाईज फ्रॉम हॅरिसन' नावाची तशीच एक दुकानांची साखळी ह्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९६० साली राज्याच्या सुप्रीम कोर्टात हरली. तेव्हा धर्म पुढे होता आणि मागे उभे होते छोटे दुकानदार आणि ट्रॅफिकला वैतागलेले गावकरी. आता पुढचा माणूस निघून गेला, मागचे तिथेच आहेत.

असे कायदे घटनेत बसतात का, ह्यावर देशाच्या सुप्रीम कोर्टाचं उत्तर २९ मे १९६१ ला आलं, एकाच दिवशी चार केसेसचा निकाल. त्यातली मुख्य मॅकगोवन विरुद्ध मेरीलँड. मेरीलँडमधे अॅन अरंडेल काउंटीत हायवेवरच्या एका मोठ्या डिस्काउंट दुकानातल्या सात नोकरांवर खटला झाला. नोकरांवर बरं का. गुन्हा काय, तर रविवारी विकलेल्या ह्या वस्तू: एक तीन रिंगांची फाइल, फरशीच्या पॉलिशचा एक डबा, एक स्टेपलर आणि पिना, आणि एक खेळण्यातली पाणबुडी. दंड प्रत्येकी पाच डॉलर आणि कोर्टखर्च. त्याच कायद्याप्रमाणे तंबाखू, मिठाई, दूध, ब्रेड, फळं, पेट्रोल, औषधं, वर्तमानपत्रं रविवारी विकायला परवानगी होती आणि त्या काउंटीत तर पिनबॉल आणि स्लॉट मशीनसुद्धा चालत होत्या. म्हणजे रविवारी जुगार चालेल, पोराची पाणबुडी नाही. मी ज्या दुकानात उभा होतो तिथे उलटं, खेळण्यांचा विभाग उघडा, पाणबुडी हवी असती तर मिळाली असती.

कोर्टाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी कायदा वैध ठरवला. सरन्यायाधीश अर्ल वॉरेन म्हणाले त्याचा साधा अर्थ असा: ह्या कायद्यांचं मूळ धार्मिक आहे हे नाकारता येत नाही, पण आज त्यांचा हेतू सगळ्यांना एकाच दिवशी विश्रांती मिळावी, घरातली माणसं एकत्र असावीत, गावात शांतता असावी हा आहे, आणि तो दिवस ख्रिश्चनांचाच निघाला म्हणून कायदा धार्मिक होत नाही. प्रत्येकाला आपापला सुट्टीचा दिवस निवडू दिला तर तपासणार कोण, हाही मुद्दा होता. एकटे न्यायमूर्ती डग्लस विरोधात गेले, त्यांचा प्रश्न होता की जो माणूस रविवार पवित्र मानतच नाही त्याच्यावर फौजदारी का लावायची.

मला डग्लस पटतात, पण वॉरेनचा मुद्दाही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्या घरात मी सोमवार-मंगळवार ऑफिसला जातो, बायकोच्या हॉस्पिटलच्या शिफ्ट कधीही, मुलगा शाळेत. एकच सामाईक दिवस असणं म्हणजे काय हे आम्हाला चांगलंच कळतं. फक्त तो दिवस बायकोला काही बर्गनने दिला नाही, हॉस्पिटल काय पट्टी बांधून बंद करता येत नाही.

त्याच दिवशीची दुसरी केस जास्त बोचते, ब्राउनफेल्ड विरुद्ध ब्राउन. फिलाडेल्फियातले ऑर्थोडॉक्स ज्यू दुकानदार, कपडे आणि घरगुती सामान विकणारे. धर्माप्रमाणे शुक्रवारी अंधार पडल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत दुकान बंद, आणि सरकारप्रमाणे रविवारी बंद. त्यांचं म्हणणं, आम्हाला आठवड्याचे दोन दिवस जातात, शेजारच्याचा एकच, आम्ही टिकायचं कसं? कोर्ट म्हणालं, कायदा तुमचा धर्म पाळायला बंदी करत नाही, फक्त तो पाळणं महाग पडतं. सहा विरुद्ध तीन, ते हरले. हा निकाल मी वाचला तेव्हा मला आमच्या बाजूचं टीनेक आठवलं, तिथे आणि बर्गनफील्डला ऑर्थोडॉक्स ज्यू कुटुंबं भरपूर आहेत, आमच्या फेअर लॉनमधेही आहेत. आमच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ शनिवारी गाडीला हात लावत नाहीत. मी त्यांना पॅन्टची गोष्ट सांगितली तर म्हणाले, तुला हे एका रविवारी झालं, आमचं आयुष्यभर हेच, मुलांचे कपडे आम्ही बुधवारी रात्री आणतो. तक्रारीच्या सुरात नाही, आपण पावसाबद्दल बोलतो तसं.

मग एवढं असून कायदा जात का नाही? अनेकदा प्रयत्न झाले. १९८० आणि १९९३ ला काउंटीत मतदान झालं, दोन्ही वेळा लोकांनी कायदा ठेवा म्हणून सांगितलं. २०१० ला गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी बजेटमधे हा कायदा काढायचं सुचवलं, साडेसहा कोटी डॉलर जादा टॅक्स येईल असा हिशेब मांडला, आणि बर्गनमधून इतका ओरडा झाला की तो विषय गुंडाळून ठेवावा लागला. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ आलं, लोकांच्या घरात पाणी, हीटर बंद, तेव्हा कुठे ११ नोव्हेंबरचा एक रविवार, फक्त एक, कायदा स्थगित केला. त्यालाही परॅमसचा विरोध होता! आणि समजा उद्या काउंटीने कायदा काढलाच तरी परॅमसचा स्वतःचा नियम राहतोच, म्हणजे ज्या गावात मॉल आहेत तिथे फरक शून्य.

आधी मला हे लोक मागासलेले वाटले. मग एका शनिवारी दुपारी मी रूट १७ वर अडकलो, रूट ४ च्या वळणावर, तीन मैलांना पन्नास मिनिटं, बाजूच्या गाडीतलं बाळ रडतंय, पुढे नुसते लाल दिवे. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी त्याच रस्त्याने मुलाला सॉकरला घेऊन गेलो, चार मिनिटं. रस्ता एवढा रिकामा की सिग्नलला उभं राहून पक्ष्यांचा आवाज येत होता. सव्वीस हजार वस्तीचं गाव आणि वर्षाला अब्जावधी डॉलरची विक्री, तिथल्या माणसाला आठवड्यातून एक दिवस आपल्याच गल्लीतून गाडी बाहेर काढता येते, तो कशाला हो म्हणेल? त्याला देव, घटना, वॉरेन, डग्लस कशाशी देणंघेणं नाही, त्याला ती चार मिनिटं हवीत. प्रामाणिकपणे सांगतो, आता मलाही हवीत. फक्त त्या चार मिनिटांना 'कामगारांची विश्रांती' म्हणू नका एवढंच.

कारण कामगाराचं म्हणाल तर ते गणित आपल्याकडे जास्त सरळ सोडवलं गेलंय असं मला वाटतं. पुण्याला आईला फोनवर हा किस्सा सांगितला तर तिला काही विशेष वाटलंच नाही, "अरे मग लक्ष्मी रोडला सोमवारी जाऊन बघ काय मिळतं ते. दादरला तरी सोमवारी कुठे उघडं असायचं?" बरोबर आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायला लागायचं, वार भागाप्रमाणे वेगळा. २०१७ साली महाराष्ट्राने नवीन कायदा आणला, त्यात दुकान ३६५ दिवस उघडं ठेवता येतं, पण ठराविक संख्येहून जास्त माणसं कामावर असतील तर प्रत्येकाला आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी द्यायलाच पाहिजे. म्हणजे सुट्टी शटरची होती ती माणसाची केली. प्रत्यक्षात किती दुकानांत ती मिळते हा वेगळा विषय, त्यावर वेगळं लिहावं लागेल, पण निदान कायद्यात कोणाला सुट्टी द्यायची ते तरी बरोबर लिहिलंय. बर्गनच्या कायद्यात त्या पट्टीपाशी उभ्या असलेल्या मुलाबद्दल एक शब्द नाही.

आणि आपल्याकडे गिरण्यांत रविवार आला तोच मुळी कामगारांच्या मागणीतून. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक, त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही दाखला त्यांनी दिला असं सांगतात. गंमत बघा, तिथेही देव होताच, पण तो कामगाराच्या बाजूने उभा होता.

सध्या ह्या प्रकरणाचा नवीन अंक ईस्ट रदरफोर्डला चालू झालाय, बर्गन काउंटीतच. तिथला 'अमेरिकन ड्रीम' हा अवाढव्य मॉल २०१९ ला उघडला, आत बर्फावर स्की करायची जागा, वॉटर पार्क, पाळणे. ही करमणूक रविवारी आधीपासून चालू होतीच, दुकानंही २०२५ मधे रविवारी माल विकायला लागली. मॉलचं म्हणणं, आमची जमीन राज्याच्या प्राधिकरणाची आहे, काउंटीचा नियम आम्हाला लागू नाही. ऑगस्ट २०२५ मधे परॅमस कोर्टात गेलं. मुद्दा अगदी धंद्याचा: आमच्या मॉलवाल्यांनी रविवारी कुलूप लावायचं आणि दहा मैलांवरच्याने विकायचं, हे कसं? आता ह्याच मॉलच्या शेजारी मेटलाइफ स्टेडियम आहे, तीही सरकारी जमीन. तिथे रविवारी जायंट्स नाहीतर जेट्स ह्या अमेरिकन फुटबॉलच्या संघांच्या मॅचला ऐंशी हजार माणसं जमतात, आणि मॅचच्या दिवशी आत जर्सी विकल्या जातातच. १७९८ च्या कायद्यात रविवारी फुटबॉल खेळणं गुन्हा होता. आता त्याच काउंटीत रविवारी फुटबॉल बघा, बिअर प्या, खेळाडूच्या नावाचा शर्टही घ्या, पण माझ्या पोराची पॅन्ट नको. परॅमसच्या रागात तथ्य आहे असं मला वाटतं, नियम ठेवायचा तर सगळ्यांना ठेवा.

माझं मत कोणी विचारणार नाही, कारण मी व्हिसावर, मला मतदान नाही. कायदा काढायचा प्रश्न मतपत्रिकेवर आणायलासुद्धा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात. पण विचारलंच तर, मॉल रविवारी बंद ठेवा म्हणेन, रस्त्यासाठी, उघडपणे रस्त्यासाठी असं लिहून. मोठ्या दुकानात माणसं कामाला बोलवायची आणि कपड्यांना पट्टी बांधायची हा प्रकार मात्र बंद करा. एकतर त्या मुलाला घरी पाठवा नाहीतर पॅन्ट विका.

हो, त्या संध्याकाळचं राहिलंच सांगायचं. फेअर लॉनच्या कडेला पसेक नदी आहे, पलीकडे पॅटरसन, म्हणजे पसेक काउंटी. पूल ओलांडायला मिनिटही लागत नाही आणि कायदा संपतो. पुढे वेनपर्यंत गेलो, तिथला मॉल उघडा, पार्किंगमधे निम्म्या लोकांचा चेहरा माझ्यासारखाच, बर्गनमधून पळून आलेले. पॅन्ट मिळाली, अठरा डॉलर, टॅक्स नाही. घरी पोचलो तर सात वाजत आलेले, मुलाने पॅन्ट घालून बघितली, बरोबर बसली. मग त्याने पिशवीत हात घालून चाचपलं आणि विचारलं, "बाबा, सॉक्स?"

माझेच दिले, टाचेपाशी दुमडून.